गारगोटीची बंदूक

"घेऊन जा बे! इचार काय करतं त्याच्यात?" पंजाबराव पाटलांनी बंदूक प्लास्टिकच्या खुर्चीवर आडवी ठेवली आणि तिच्याकडे हात दाखवला. हात मात्र बाजूच्या कुलरकडे गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन करा म्हणून सांगता सांगता डॉक्टर थकले, मुलगा थकला, पण कोणाचं ऐकतील तर ते पाटील कसले!

पुंजाजी उंबऱ्याजवळ उभा होता. बस म्हटलं होतं, तरी उभाच. शर्टाच्या खिशात पीक संरक्षणाचं लायसन होतं, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. ते हातात आल्यापासून त्याला धड झोप नव्हती की धड भूक नव्हती.

"पोट्टा नाशिकले," पाटील म्हणाले. "बंदूक म्हनलं का त्याच्या पोटात गोया येते. माह्यं लायसन आता काही नवं होत नाही. डोये गेलेल्या मानसाले कोन देते? ठाण्यात जमा करा म्हनते. तठी जंगून जाईन बिचारी. तुहं लायसन आलं, माही बंदूक हाय. अडते कोठी मंग?"

"इचार करतो जी."

"फुकट देऊन राह्यलो तं इचार करते!" पाटील खळखळून हसले.

ते मनापासून देत होते, त्यात काडीची खोट नव्हती. उपकार दाखवून दिली असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. पुंजाजी घरी निघाला, आणि अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की आपण चपला पाटलांच्या दारातच विसरून आलो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, वरवट बकालच्या वर जंगलाला खेटून असलेल्या त्या गावात पुंजाजीला लोक बंदूकवाला म्हणूनच ओळखत. ऐन जवानीत तो पाटलांकडे सालाने राहिला, आणि पाटलांच्या बंदुकीचं सगळं त्याच्याकडे आलं. बंदूक ठासणीची, आणि ठासणीच्यातही जुन्या चालीची. स्फोटक दारूच्या छोट्या टोपीवर उडणारी नव्हे, गारगोटीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा कातडीत धरून आवळायचा. चाप ओढला की गारगोटी पोलादाच्या पट्टीवर आपटते, ठिणग्या बाहेरच्या वाटीतल्या चिमूटभर दारूवर पडतात, तिला रंजक म्हणतात, आणि मग नळीतली दारू पेटून बार निघतो. नाल्यातून बरोबर गारगोटी हेरून आणणं, तिला धार काढणं, नळी धुणं, दारू भरणं, चिंधीचा बोळा गजाने ठासणं, रंजक घालणं, सगळं पुंजाजी करायचा. हरणांचा कळप हरभऱ्यात उतरला की लोक त्याच्याच नावाने हाका मारत धावत यायचे. त्याच्या बौद्ध वस्तीतली पोरं तर सांगायची, की पुंजाजी आबाच्या बाराने पळालेली हरणं थेट मध्य प्रदेशात जाऊन थांबतात.

सगळं तो करायचा. चाप तेवढा पाटील ओढायचे.

हे वस्तीत कोणालाच ठाऊक नव्हतं. पुंजाजी कोणाशी खोटं बोलला नव्हता. लोक समजून चालले आणि हा मूग गिळून बसला. भरलेली बंदूक पाटलांच्या हाती द्यायची आणि बार झाला की रिकामी परत घ्यायची, यात त्याची उमर गेली. लायसन पाटलांच्या नावाचं, तेव्हा चाप पाटलांनीच ओढायचा. कायदा म्हणजे कायदा. तरुणपणी एकदा त्याने धीर करून विचारलं होतं, "पाटील, एकडाव मी काढू का बार?" पाटील हसले होते. "लायसन तुह्या नावाचं हाय काय बे?"

खरंच होतं ते. पण त्याच दिवाळीला पाटलांचा अमरावतीचा साळा आला, पांढरे बूट घालून बांधावर उभा राहिला, आणि म्हणाला, भाऊजी, बघू जरा. पाटलांनी बंदूक दिली. लायसन काही त्या साळ्याच्याही नावाचं नव्हतं. त्याच्यासाठीही भरली पुंजाजीनेच. साळ्याने बार काढला, हरणं जागची हलली नाहीत, बाभळीवरचे बगळे मात्र उडाले, आणि सगळे हसले. पुंजाजीही हसला. पण ते हसणं त्याला फार लागलं, इतकं की बायकोलाही सांगता आलं नाही.

त्यात पुन्हा रांग होती. पाटलांची बंदूक गावातल्या सगळ्यांच्या शेतात जायची, नाही कोणालाच म्हटलं जात नसे, पण आधी भाऊबंद, मग गाव, आणि उन्हं वर आल्यावर वस्ती. तोवर हरणं न्याहारी आटोपून गेलेली असायची, म्हणून वस्तीने बार नुसता लांबून ऐकलेला. पुंजाजीची अडीच एकराची पट्टी जंगलाला लागून, सगळ्यांच्या शेवटी. दुसऱ्याच्या बांधावर बंदूक ठासता ठासता आपल्या हरभऱ्यात चरणाऱ्या पाठी त्याने किती सकाळी लांबून पाहिल्या होत्या.

आता लायसन त्याच्या नावाचं होतं. मारण्यासाठी नव्हे, भेडवण्यासाठी. हरणाला छर्रा लागला तर थेट तुरुंग, हे अर्ज केल्यापासून भेटेल त्याने त्याला बजावलं होतं. पुंजाजीला मारायचं नव्हतंच. एक बार, आपल्या हाताने, आपल्या शेतात, रांगेत न थांबता. एवढंच हवं होतं. आणि एवढंही आपल्याला जमेल का, या धास्तीने त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"फुकट देऊन राह्यले, अन तुमाले नांदुऱ्याले जाऊन इकत घ्याची हाय?" भिमाबाईने भाकर अशी थापली की परातीने घर डोक्यावर घेतलं.

"पाहून तं येऊ."

"पाहाचं काय त्याच्यात? बंदूक हाय का पोरगी हाय?"

"आपल्या अविनाशनं बंदुकीसाठीच पाठोले ना पैसे पुन्याहून?"

"थ्या पोराले काय मालूम, पाटील फुकट देते म्हनून!"

पुंजाजी उठला, अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. पाटलांनी दिलेल्या शर्टात त्याने निम्मं आयुष्य काढलं होतं आणि लोक आजही ओळखायचे, हा पाटलांचा शर्ट. पण हे बायकोला कसं सांगावं? ती म्हणेल, अंग झाकलं ना?

"जा बाप्पा, जा," भिमाबाई शेवटी वैतागून म्हणाली. "पन मी बी येते. एकट्याले पाहून कोनी काहीही गयात बांधन."

नांदुऱ्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर भागवतसेठचं दुकान. अर्ध्या दुकानात मोटारपंपाचे सुटे भाग, अर्ध्यात जाळीमागे बंदुका. सेठ जाड भिंगांचा, शांत माणूस. लायसन उलटंपालटं करून त्याने दोघांना स्टूल दिलं आणि आधी दुनळी पुढे ठेवली. ती पुंजाजीला उचलताच जड गेली. मग एकनळी, टोपीवर उडणारी, कारखान्यातून आलेली, नव्या नवरीसारखी चकचकीत.

"हेच घ्या काका. टोपी बसवा, चाप ओढा, बार. भानगड नाही."

पण पुंजाजीचं लक्ष कोपऱ्यात गेलं होतं. तिथे भिंतीला टेकून एक सावळी, लांब नळीची बंदूक उभी होती. गारगोटीची.

"थे? थे एका कास्तकाराच्या घरच्याईनं आनून ठेवली. म्हातारा वारला. कोनी घेत नाही आता तसली."

सेठने ती हातात दिली मात्र, पुंजाजीची सकाळपासूनची चुळबुळ थांबली. त्याने घोडा अंगठ्याने मागे ओढून कमानीचा जोर पाहिला, पोलादाच्या पट्टीवर नख फिरवलं, गज नळीत सोडून त्याचा आवाज ऐकला, वाटीचं झाकण उघडून फुंकर मारली. भिमाबाई पदर सावरून ऐटीत बसली होती. सेठकडे ती अशी बघत होती, की बघा, असा असतो बंदुकीचा माणूस.

"काका तं जुने खेलाडी दिसते," सेठ म्हणाला. "लावा खांद्याले. कशी बसते पाहा."

आणि इथे घात झाला. पाटलांना बार काढताना पुंजाजीने हजारदा पाहिलं होतं, पण मागून. मागचा लाकडी दस्ता नेमका कुठे टेकतो, गाल कुठे, कोणता डोळा मिटायचा, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. त्याने दस्ता पोत्यासारखा खांद्यावर घेतला, मान लांब केली, आणि चाप ओढला. खट्कन ठिणगी उडाली. पुंजाजीचे दोन्ही डोळे गच्च मिटले आणि नळी छताकडे गेली.

बाहेरून मालगाडी धडधडत गेली.

"काका," सेठने हळूच विचारलं, "कधी चालोली नाही काय?"

"चालोली नाही म्हंजे?" भिमाबाई उसळून उठली. "जिंदगी गेली त्याईची बंदुकीत! गावात कोनालेही इचारा!"

पुंजाजीने बंदूक मांडीवर घेतली. "भरली," तो म्हणाला. "चालोली नाही."

भिमाबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आपल्याच घराची एक खोली आपल्याला माहीत नव्हती, असं काहीसं होतं. सेठ भला माणूस. तो हसला नाही. काउंटरच्या बाहेर येऊन त्याने पुंजाजीचा खांदा दाबून दाखवला. "दस्ता अठी, या खड्ड्यात. गाल अठी. डावा डोया मिटा, उजवा उघडा. बस. पन ऐकसान तं टोपीची घ्या. गारगोटीच्या बंदुकीत चाप ओढला का बार निघालोर जरासा टाइम लागते. नवा मानूस तेवढ्यात हालते."

"टोप्या सरल्या तं?"

"या अठी."

"गारगोट्या माह्या नाल्यात हाय," पुंजाजी म्हणाला. त्याचा हात सावळ्या नळीवरून निघत नव्हता.

भिमाबाईने विचारलं, "पाटलाची बी अशीच हाय ना?"

"हाव. अशीच."

"मंग हे काऊन?"

"थे पाटलाची हाय," पुंजाजी म्हणाला. डोळ्यांत आलेलं पाणी मात्र त्याला लपवता आलं नाही.

भिमाबाईने कमरेची पिशवी सोडली. "बांधून द्या सेठ," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत बंदूक सतरंजीत गुंडाळून दोघांच्या मध्ये उभी होती. खिडकीतून कपाशीची, वेचणी संपून उलंगलेली शेतं मागे जात होती. पुंजाजी कधी खिडकीकडे सरके, कधी तिच्याकडे, आणि गाडी खड्ड्यात आदळली की सतरंजीला दोन्ही हातांनी धरी.

"एकडाव मांगतली बी नाही?" तिने विचारलं.

"मांगतली होती."

मग त्याने पांढऱ्या बुटांची गोष्ट सांगितली. ऐकताना भिमाबाईने ओठ घट्ट मिटून घेतले.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुले काय सांगू वं? तूच तं ओट्यावर बसून पोट्ट्याईले माह्या गोष्टी सांगे. हरनं मध्य प्रदेशात जाते म्हनून."

भिमाबाईला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. संग्रामपूरच्या स्टँडवर उतरताना सतरंजीचं एक टोक तिने धरलं.

घरी आल्यावर तिने त्याला चहासुद्धा निवांत घेऊ दिला नाही. मागच्या अंगणात, जिकडे कोणाची नजर जात नाही तिकडे, तिने त्याला उभं केलं आणि स्वतः सूप घेऊन समोर तूर पाखडायला बसली. बंदूक रिकामी. घोडा मागे, गाल दस्त्याला, खट्.

"मिटले."

"नाही मिटले."

"मिटले. मी पाह्यले ना."

पुन्हा घोडा मागे, पुन्हा खट्.

"मिटले. मंघाचे बरे होते त्याच्याहून."

पुंजाजी चिडला, बंदूक ठेवून वस्तीत एक फेरी मारून आला, आणि कोणी काही विचारायच्या आत परत तिथेच येऊन उभा राहिला. भिमाबाईने आता आवाजाची सवय व्हावी म्हणून चाप ओढताना शेजारी परात बडवायला सुरुवात केली. शेजारच्या जयमालाने भिंतीपलीकडून विचारलं, "काय चाललं वो आत्या?" तर म्हणाली, "माकडं हाकलून राह्यली." सूर्य झाडाआड जाईपर्यंत पुंजाजीचा खांदा भरून आला होता.

"एक उघडा राह्यला," भिमाबाईने शेवटी कबूल केलं.

"एकच लागते," पुंजाजी म्हणाला.

सकाळी दोघं शेतावर गेली. हरभरा घाट्यावर आला होता, पानांवर दव होतं. पुंजाजी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. रंजकीची डबी उघडून पाहत होता, पुन्हा बंद करत होता. दारू ओली झाली असेल का? ठिणगी पडेल का? हरणं आलीच नाहीत तर? आणि आली तर?

पण आधी काठीचा आवाज आला. पंजाबराव पाटील पायवाट चाचपत येत होते, एकटेच. गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"पुंजा, हाय का बे?"

"हाव जी. सांभाळून या, नाली हाय."

पाटील बांधावर येऊन टेकले. दम लागला होता. "गारगोटीचीच घेतली म्हने."

"हो जी."

"मंग माही काय वाईट होती?"

आवाजात राग नव्हता. रुसलेल्या पोरासारखा आवाज होता. या माणसाच्या मागे तो आयुष्यभर चालला होता. अविनाशच्या तापात याच माणसाने बैलगाडी जुंपून दवाखाना गाठला होता. बोलायचं तर पुष्कळ होतं. पांढरे बूट होते, रांग होती.

"वाईट नव्हती जी," पुंजाजी म्हणाला. "लय चांगली होती."

"आज जमा करून टाकतो ठाण्यात," पाटील स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

भिमाबाईने हात वर केला. जंगलाच्या कडेने हरणं उतरत होती. पुढे एक काळवीट, मागे माद्या, पाडसं. कळप निवांत हरभऱ्यात शिरला आणि माना खाली गेल्या. घाईचं कारणच नव्हतं त्यांना. या पट्टीवर बंदूक उन्हं वर आल्याशिवाय येत नाही, हे ती पिढ्यानपिढ्या पाहत आली होती.

पुंजाजीने दारू मोजून नळीत घातली. चिंधीचा बोळा घातला. छर्रे नाहीत. गज काढला आणि ठासायला लागला, जुन्याच ठेक्यात, दोन जड, दोन हलके. हात चुकत नव्हते. त्यांना या कामाची कधीच भीती नव्हती. गज परत खोचला, वाटीत रंजक घातली, झाकण लावलं, घोडा मागे ओढला.

बांधावर पाटील उठून उभे राहिले होते. त्यांना हरणं दिसत नव्हती, बंदूक दिसत नव्हती. गजाचा शेवटचा ठोका मात्र त्यांनी ऐकला होता. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात, तळवा वर करून, पुंजाजीच्या दिशेने पुढे केला. त्यात हुकूम नव्हता, हक्कही नव्हता. ती नुसती सवय होती. आणि पुंजाजीचे हातही, त्याला न विचारता, बंदूक घेऊन वीतभर त्या हाताकडे सरकले.

भिमाबाई पाहत होती.

वीतभर गेलेली बंदूक तिथेच थांबली. मग पुंजाजीने ती परत घेतली, दस्ता खांद्याच्या खड्ड्यात बसवला, गाल लाकडाला लावला.

"पाटील," तो म्हणाला, नेहमीच्याच अदबीने, "जरा मांगं सरा जी. ठिनगी उडते."

पाटलांचा हात क्षणभर तसाच हवेत राहिला. पुंजाजीने नळी हरणांच्या डोक्यावरून आभाळाकडे धरली आणि चाप ओढला. ठिणगी पडली, रंजक भस्कन पेटली, आणि बार निघेपर्यंतचा तो जरासा वेळ त्याला फार लांब वाटला. तेवढ्या वेळात तो हलला नाही. मग बार झाला. सातपुड्याने तो ऐकून परत पाठवला. कळप उसळला, पाडसं मधे घेऊन नाला ओलांडून गेला आणि जंगलात दिसेनासा झाला.

धूर हरभऱ्यावर पसरला आणि हळूहळू विरळ होत गेला. पुंजाजीने वळून पाहिलं. पाटील एक पाऊल मागे सरून, काठी काखेत धरून, दोन्ही कानांवर हात ठेवून उभे होते.